गप्प असताना जाणारी बॅटरी

भाऊ,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला भाड्याचा लाउडस्पीकर आणला होता आणि तो फाटत होता. भंतेजी हळू, शांत बोलत होते, आणि भोंग्यातून मात्र कोणी पत्र्यावर खडे ओतावेत तसा आवाज बाहेर पडत होता. सगळा मांडव मान खाली घालून बसला होता आणि मला हसू फुटत होतं. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या मामीला वाटलं मी रडते आहे, तिनं पाठीवरून हात फिरवला, आणि मग मला खरंच रडू आलं.

तू असतास तर उठला असतास. स्वतःच्याच पुण्यानुमोदनातून उठून, चपला शोधत, मशीनवाल्याकडे गेला असतास आणि म्हणाला असतास, "थोडा कमी कर गा. माणूस बोलून राह्यला, गिट्टी नाई फोडून राह्यला." घुग्घुसच्या कितीतरी लग्नांत तू हे केलंस. वहिनी पंगतीत ताटावर बसलेली, आणि तू मांडवाच्या मागे दुसऱ्याच्या ॲम्प्लिफायर मशीनचं झाकण उघडून बसलेला. कोणी बोलावलेलं नसायचं.

माझी रजा संपली. उद्या मी परत नदीकडे जाते आहे, माझ्या आरोग्य उपकेंद्रावर. भामरागडपर्यंतच्या रस्त्यात बसमध्ये लिहिता येत नाही, अक्षरं उड्या मारतात, म्हणून आजच तुझ्या दुकानात, तुझ्याच स्टुलावर बसून लिहिते आहे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली. दीड वर्ष मी ती तोंडात धरून आहे. दवाखान्यातही बोलले नाही. पण ती एकदम सांगून चालणार नाही. मला माहीत आहे तू कसा ऐकतोस. "पह्यल्यापासून सांग, मधातून नोको सांगू," असंच म्हणशील.

तर पहिल्यापासून.

हे दुकान अजून तसंच आहे. पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत, त्यांतून उन्हाच्या काड्या खाली उतरतात आणि कोळशाची धूळ त्यांत हळूहळू फिरत राहते. बाहेरून ट्रक जातो, टेबलावरचे स्क्रू थरथरतात, पुन्हा निजतात. दुपारी इथं बसलं की वेळ पुढे चाललाय की मागे ते कळत नाही. मघाशी मला वाटलं तू कोपऱ्यात पाठ करून बसला आहेस, भोंग्याला कान लावून. वळून पाहिलं तर बुशर्ट खुंटीला होता.

असाच बसायचास तू. मशीन चालू, माईक बंद, आणि कान भोंग्याच्या तोंडात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "काय ऐकून राह्यला? काहीच तं वाजून नाई राह्यलं."

"तेच ऐकून राह्यलो," म्हणालास.

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. मे महिना होता, पत्र्याखाली पापड भाजले असते. तेव्हा तू मला आरीची गोष्ट सांगितलीस. आपले बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत मोठ्या आरीवर होते. एक माणूस ओंडक्याच्या वर उभा, एक खाली. वरचा वर ओढणार, खालचा खाली ओढणार. मी लहान होते, मला फक्त बाबांच्या भुवयांवरचा भुसा आठवतो. तुला हात आठवत होते.

"मशीनमधी बी दोन ट्रान्झिस्टर असेच राहते," तू म्हणालास. "एक आवाज वर ओढते, एक खाली ओढते. आता वरच्यानं सोडलं अन् खालच्यानं अजून पकडलं नाई, त्याच्या मधात आरी कोणाच्याच हातात नाई. तिथीच झटका बसते. मोठ्या आवाजात तो लपून जाते, हळू आवाजात उघडा पडते. म्हून बाबा हात पुरा कधीच सोडत नव्हते. खालच्याची पाळी असली तरी वरून बोटं टेकलेली."

"मंग हात दुखून येत असतीन."

"तेच तं. बोटं टेकवून ठेवाले बी ताकद लागते. बॅटरी तिथी जाते, बेबी. तू बोलतानी जेवढी जात नाई, तेवढी तू गप्प असतानी जाते."

"मी कधी गप्प असते गा?" मी म्हटलं, आणि तू हसलास. मला वाटतं आपलं शेवटचं निर्भेळ हसणं तेच होतं, कारण त्यानंतर लगेच आपण भांडलो.

भांडणाचं कारण साधं होतं. मला नदीपलीकडच्या गावाशी बोलायचं होतं. पावसाळ्यात नदी चढली की डोंगी बंद, रस्ता बंद, आणि पलीकडे माझी दोनशे माणसं. कोणाला ताप, कोणी पोटुशी. मी इकडच्या काठावर छत्री धरून हातवारे करायची. म्हणून मी तुझ्याकडे मशीन मागायला आले होते. वीज नाही, बॅटरीवर चालणारं पाहिजे, आणि मोठा आवाज पाहिजे, असं मी सांगितलं. तू 'मोठा' या शब्दाला चिडलास.

"मोठा आवाज कुठीच जात नाई. फाटून जवळच पडते. साफ आवाज हळू असला तरी पाण्यावरून जाते. तुमाले नुसता गोंगाट पाहिजे काय?"

"मले बॅटरी आठ दिवस पुरली पाहिजे. तुह्या साफ आवाजाची पूजा कराची आहे काय मले?"

"मंग तिथी राह्यतेच काऊन? बदलीचा अर्ज टाक. चंद्रपूरले ये. तिथी माईकबी नाई लागत अन् होडीबी नाई."

हे शेपूट प्रत्येक भांडणाला होतं. मशीनपासून सुरू झालेलं भांडण दर वेळी बदलीच्या अर्जावर येऊन थांबायचं आणि तिथून पुढे कधीच गेलं नाही. तुझ्या मते मी हट्टी. माझ्या मते तूही काही कमी नव्हतास, एका आईच्या पोटचे आपण.

पण मशीन तू केलंस. केवढं छोटं, आणि त्याला ती ट्रॅक्टरची बॅटरी. नाकापेक्षा मोती जड. आत एक इवलासा प्रीसेट होता, मुगाच्या दाण्याएवढा फिरता स्क्रू. तो फिरवला की दोन्ही ट्रान्झिस्टरांची बोटं किती टेकलेली राहतील ते ठरायचं. तू मीटर लावून, श्वास धरून तो फिरवलास, पुन्हा कान भोंग्याला लावलास, पुन्हा केसाएवढा फिरवलास. पूर्ण दुपार गेली. तुझ्या नाकावरून घाम टेबलावर टपकत होता. मग एकाएकी तुझा चेहरा सैल झाला. वरोऱ्याच्या लग्नासाठी घेतलेली माझी लाल नेलपॉलिश तू मागितलीस आणि तिचा थेंब त्या प्रीसेटवर सोडलास, म्हणजे तो हलणार नाही.

"मशीन तुही," म्हणालास. "पण एवढं माहं. याले हात लावाचा नाई."

मी हो म्हटलं.

त्या वर्षी जुलैत मी पहिल्यांदा नदीवरून बोलले. भोंगा मोहाच्या फांदीला बांधला होता. पाऊस नुकताच थांबला होता, पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी घाबरत, अगदी हळू, जुरूचं नाव घेतलं. जुरू पलीकडचा डोंगीवाला; माझी औषधं त्याच्याच झोपडीत ठेवलेली असत. माझा आवाज माझ्या तोंडून निघून धुक्यात गेला, आणि मला वाटलं आता तो परत येणारच नाही. मग पलीकडच्या जंगलातून तो सावकाश परत आला, माझाच, पण माझ्याहून शांत. मी असा आवाज आयुष्यात कधी काढलेला नाही, भाऊ, तुला माहीत आहे, मी तर दाराबाहेरच्या कोंबडीवरही खेकसते. धुकं हललं आणि जुरू काठावर दिसला. त्यानं डोक्याचा पंचा सोडून वर हलवला. मी रडले. तुला पत्रात लिहिलं, 'आवाज ठीक आहे.' एवढंच लिहिलं. तुझी स्तुती केली की तू डोक्यावर बसशील, म्हणून.

आता ऐक.

ऑगस्टमध्ये पलीकडे हगवण-ओकारी लागली. नदी काठ सोडून शेतात आली होती, डोंगी घालायचा प्रश्नच नव्हता. जुरूकडे साखर होती, मीठ होतं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या होत्या. फक्त कोणाला काय, किती, केव्हा, हे सांगायला मी पाहिजे होते. मी मोहाखाली ताडपत्री बांधून बसले. उकळलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. जुरू गावात जाऊन यायचा, पंचा एकदा हलवला तर झालं, दोनदा हलवला तर नाही झालं. मग दुसरं वाक्य. बोलणं थोडं आणि थांबणं फार. मशीन मध्ये मध्ये बंद करून पाहिलं, पण चालू करताना भोंग्यातून असा धडाका निघायचा की काठावरच्या बाया पोरं उचलून पळायच्या. मग ते चालूच ठेवलं. मी गप्प बसून जुरूची वाट पाहत होते आणि तुझी बॅटरी जात होती, तू सांगितलं होतंस अगदी तशीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज बसायला लागला. बॅटरी भरून आणायची तर तालुक्याचा रस्ता पाण्याखाली. पलीकडे त्या दिवशी नव्यानं चार माणसं पडली होती, त्यांत एक तान्हं. मी मशीनच्या पाठीला हात लावला, पत्रा चांगला तापलेला होता. मी काहीच बोलत नव्हते तरी तो तापलेला होता. एवढी ताकद माझ्या न बोलण्यात जळत होती.

मी झाकण उघडलं. टाके कापायच्या कात्रीच्या टोकानं नेलपॉलिश खरवडली आणि तो प्रीसेट मागे फिरवला. पत्रा निवेपर्यंत मागे.

तो मी फिरवला, भाऊ.

नंतर माईकवर बोलले तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना. घशात भाताचं तूस अडकलेल्या माणसासारखा. हळू बोललं तर फक्त खरखर, म्हणून मी ओरडून बोलले. तू म्हणायचास तसा नुसता गोंगाट. पण बॅटरी टिकली. नदी नवव्या दिवशी उतरली, तोपर्यंत टिकली. एक म्हातारी गेली, तिला काही केल्या पाणी उतरेना. तान्हं वाचलं. उरलेलेही उठून बसले. मला त्याचा पश्चात्ताप नाही, तेव्हा नव्हता आणि आजही नाही. चूक त्यानंतर झाली.

दिवाळीत तू येतो म्हणून कळवलंस. मला प्रीसेट जागेवर आणता येईना, माझ्याकडे ना मीटर, ना तुझे कान. मी त्यावर नेलपॉलिशचा नवा थेंब सोडला आणि झाकण लावून टाकलं. चोराच्या मनात चांदणं; तू बसमधून उतरलास तेव्हापासून मी तुझ्या डोळ्यांत पाहत नव्हते. तू पाणीसुद्धा प्यायला नाहीस, आधी मशीन चालू केलंस, कान लावलास, मग हळूच माईकमध्ये फुंकलंस, झाकण उघडून आत पाहिलंस. तुझा चेहरा उतरला. तसा तो बाबा गेले तेव्हा मी पाहिला होता.

"बेबी, तू आतमधी हात तं नाई ना लावला?"

"मी? मले काय समजते त्यातलं!"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तू म्हणाला असतास, बॅटरी पुरली नाही ना, मग टाक अर्ज. दहा दिवस तेच ऐकावं लागलं असतं आणि कदाचित मी तो अर्ज टाकलाही असता, मी त्या पावसाळ्यात तेवढी थकले होते. म्हणून खोटं बोलले. तू ते मान्य केलंस आणि काठावर उकिडवा बसून राहिलास. नदी तेव्हा अगदी गरीब दिसत होती. मग म्हणालास, "घुग्घुसच्या उन्हात लावलेलं माप इथच्या गारठ्यात कसं टिकंन? पत्रा थंडा झाला का करंट पडते. एवढी साधी गोष्ट माह्या ध्यानात कशी नाई आली?"

माझी चूक तू स्वतःवर घेतलीस आणि मी मूग गिळून बसले.

मग ते वर्ष. दुकानात तू तसंच दुसरं मशीन बांधायला घेतलंस; तुझी पत्रं यायची, प्रत्येकात आकृत्या. एक डायोड दोऱ्यानं पत्र्याला बांधलाय, म्हणजे पत्रा तापला-निवला की त्यालाही कळेल आणि तोच बोटं सैल-घट्ट करेल. वहिनी लिहायची, 'तुमच्या भावानं माठातलं पाणी सांडून त्यात मशीन ठेवली, थंडीत कशी चालते ते पाहाले. आम्ही गरम पाणी पिऊन राह्यलो.' भर दुपारी तू ते मशीन छपराच्या पत्र्यावर ठेवायचास, नंतर कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर, मग पुन्हा पत्र्यावर. मी ती पत्रं वाचून हसायची आणि मग जेवण जायचं नाही. नसलेल्या दोषामागे तू उन्हातान्हात फिरत होतास, आणि तो कुठे आहे हे जगात मला एकटीला माहीत होतं.

नसलेल्या, असं मी म्हणते खरी. पण तू जे शोधलंस ते खरंच होतं. उन्हात लावलेलं माप गारठ्यात थोडं सरकतच होतं, डायोडनं ते सरकेनासं झालं. तू ते मला इतक्या आनंदानं लिहिलंस! आणि मला आनंद धड झाला नाही, त्याचं वाईट वाटतं.

दवाखान्यात तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. मी तुझ्या तोंडाशी कान नेला, तू भोंग्याशी न्यायचास तसा. मी नर्स आहे, मला कळत होतं किती दिवस उरलेत. सांगायचं ठरवून आले होते. तू मात्र दोन बॅटऱ्यांचं सांगत राहिलास. हळू बोललं तर एकच चालेल, जोरात बोललं तर दुसरी आपोआप मदतीला येईल, म्हणजे फुकट काहीच जाणार नाही. "एवढं राह्यलं माहं," म्हणालास. मी म्हटलं, "बरा झाला का करजो." हेही खोटंच होतं. मग तू डोळे मिटलेस. खिडकीतून कडुलिंबाचा फुलोरा तुझ्या चादरीवर पडत होता आणि मी तो वेचत बसले. तुझी झोप मोडायला नको, एवढंच तेव्हा मनात होतं.

आज सकाळी वहिनी माझ्याबरोबर दुकानात आली. टेबलाखालून तिनं गोधडीत गुंडाळलेलं एक मशीन काढलं. "हे तुमचं. दवाखान्यात जायच्या आधी एवढं केलं त्यायनं." मी झाकण उघडलं. दोन बॅटऱ्यांचं काम अर्धंच होतं, तारा नुसत्या सोडलेल्या. पण डायोड पत्र्याला चिकटवलेला होता, दोऱ्यानं नाही, नीट. आणि प्रीसेट नव्हता. मी दोनदा शोधला. मग मशीन वळवलं तर समोर आवाजाच्या बटनाशेजारी आणखी एक बटन, बोटांनी फिरवता येईल असं मोठं. एका बाजूला तुझ्या अक्षरात 'साफ', दुसऱ्या बाजूला 'टिकाऊ'.

कोणता मेकॅनिक हे बटन गिऱ्हाइकाच्या हातात देतो? तू तर मेलास तरी दिलं नसतंस.

"मी बी इचारलं त्यायले," वहिनी म्हणाली. "हे बाहेर काऊन काढलं म्हून. तं म्हने, तिथी काय पुरवाचं ते तिलेच समजते. कात्री घेऊन आत हात घालाची पाळी तिच्यावर काऊन आनाची? अन् ती काई तिथून येत नाई, मी सांगून थकलो."

कात्री. मी हा शब्द तुझ्यासमोर कधी काढला नव्हता. प्रीसेटपाशी कात्रीचे ओरखडे राहिले असतील, ते तू पहिल्याच दिवशी, काठावर बसायच्या आधीच पाहिले असशील. आणि तरी तो माठ, ते ऊन, ती पत्रं. एकदाही पुन्हा विचारलं नाहीस. मघापासून मी तुझ्यावर चिडले आहे, काऊन नाई विचारलं म्हणून. आता लिहिता लिहिता कळतं आहे. विचारलं असतंस तर मी पुन्हा नाही म्हणाले असते. दुसऱ्यांदा खोटं बोलायची पाळी तू माझ्यावर येऊ दिली नाहीस.

उद्या मशीन मांडीवर घेऊन बसेन, टपावर टाकू देणार नाही. पहिले काही दिवस बटन 'साफ'कडे ठेवीन, जुरूला हळू आवाजात हाक मारीन. नदी चढली की 'टिकाऊ'कडे फिरवीन. आवाज जरा घासेल, भाऊ. तेवढं चालवून घे.